शहर कसे वाढवावे : नवशिक्यांसाठी

साहित्य : एक तुडुंब शहर, एक हिरवा तुकडा, नकाशा, रंगाचा डबा. वकील चवीनुसार.

आधी जागेचं नाव ठरवा. 'जंगल' म्हणालात की कायदे आडवे येतात. 'शासकीय जमीन', 'दुग्धवसाहत' असं काहीही चालेल. मुंबईत आरेला १९४९ साली म्हशी आणल्या, त्यामुळे तिथला बिबट्या तबेल्याचा शेजारी ठरतो. वारल्यांचे पाडे म्हशींच्याही आधीचे. पण पाड्यांना नकाशावर फार जागा लागत नाही.

मग लोकांची गरज सांगा. इथे खोटं बोलावं लागत नाही, ही केवढी सोय! अंधेरीला सकाळच्या लोकलमध्ये शिरताना ज्याची चप्पल फलाटावर राहिली, त्याला ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो कशाला, हे समजवावं लागत नाही. (माझी राहिली आहे. डावी.) फक्त प्रश्न एवढाच विचारा : मेट्रो हवी की नको? मेट्रोच्या गाड्या ठेवायची कारशेड आरेऐवजी दुसरीकडे कुठे, हे कुणी विचारलंच तर कांजूरमार्ग दाखवा. तिथली जमीन कुणाची यावर केंद्र आणि राज्य भांडतील, डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालय काम थांबवेल, २०२२ मध्ये सरकार बदलेल आणि गाडी पुन्हा आरेत.

आता झाडं मोजा. बुंध्यावर आकडा रंगवा, नोटीस लावा, हरकती मागवा. हजारोंनी येतील, येऊ द्यात. आरेत २,६४६ झाडांचा प्रस्ताव होता. त्यांतली ४६१ उचलून दुसरीकडे लावायची होती. बाकीच्यांच्या बदल्यात रोपं लावू म्हणा. सावली धरणारं झाड आणि काठीला बांधलेलं रोप, कागदावर दोन्ही 'एक नग'.

वार मात्र नीट निवडा. उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या त्या ४ ऑक्टोबर २०१९ ला, शुक्रवारी. करवती त्याच रात्री सुरू झाल्या. शनिवार-रविवार न्यायालयाला सुट्टी असते, करवतीला नसते. सोमवारी, ७ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती.

बरोबर पाच वर्षांनी, ७ ऑक्टोबर २०२४ ला, आरेहून मेट्रो प्रवाशांसाठी सुरू झाली. मीही तिने जातो. दोन्ही चपला पायात राहतात.