टोचन

गाडी बंद पडली, की दुसऱ्या गाडीला बांधून ती ओढत नेतात, त्याला आमच्या भोरकडं ‘टोचन’ म्हणतात. ‘टो’ आणि ‘चेन’ यांनी ट्रकवाल्यांच्या साक्षीनं केलेला हा संसार असावा. टोचन होऊन येणाऱ्या गाडीत जो बसलेला असतो, त्याचा चेहरा शाळेतून कान धरून आणलेल्या पोरासारखा होतो. मी हे अनुभवानं सांगतो.

माझा भाचा टेक्सासात असतो. तिकडं पेन्शनीत निघालेली जोडपी बसएवढी घरगाडी घेऊन देशभर हिंडतात आणि तिच्यामागं एक इवलीशी मोटार बांधतात. घरगाडी मुक्कामाला, मोटार दूध-भाजीला. या मागच्या मोटारीला काही जण ‘डिंगी’ म्हणतात, म्हणजे जहाजामागची होडी. आणि काही जण ‘टोड’, म्हणजे चक्क बेडूक. भाच्यानं तिथं एका घरगाडीमागं अडीच-पावणेतीन मीटरची ‘स्मार्ट’ लोंबकळताना पाहिली आणि त्याला माझी नॅनो आठवली. हा सन्मान आहे की अपमान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नॅनो म्हणजे तीन मीटरच्या जरा वर. दोन सिलिंडर, ६२४ सीसी. इंजिन मागं, पेट्रोल भरायचं पुढून. २००८ साली दिल्लीच्या वाहनमेळ्यात ती लाख रुपयांची गाडी म्हणून पहिल्यांदा दिसली, तेव्हाच मी ठरवलं होतं की घेईन तर हीच. बाकीच्या जगानं तसं ठरवलं नाही. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. माझी नॅनो थांबलेली नाही.

तर मे महिन्यात भाचा आला तो पुण्याहून भाड्याची घरगाडी घेऊनच. राज्य सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, हे मला त्याच्याकडून कळलं. भाटघर धरणाच्या पाणलोटाकडेला मुक्काम करायचा, आणि सकाळी नॅनोतून कांबरेश्वराला जायचं, असा बेत. हे देऊळ एरवी धरणाच्या पोटात असतं, उन्हाळ्यात पाणी हटलं की दर्शन देतं.

“नॅनो मी चालवत घेऊन येतो की,” मी म्हणालो.

“मामा, मग मजा काय?”

एका वेल्डरकडून त्रिकोणी दांडी करून घेतली. निघायच्या आदल्या रात्री भाच्यानं फोनवर १९८९ ची रस्त्याच्या नियमांची जुनी नियमावली काढली आणि त्याचा चेहरा पडला. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको. वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत. मागच्या गाडीवर ‘ऑन टो’ अशी पाटी, अक्षरं किमान ७५ मिलिमीटर उंच. इथवर ठीक होतं. पण ओढायची ती गाडी नादुरुस्त हवी! धडधाकट गाडी दुसरीला बांधून मिरवायची सोय कायद्यानं ठेवलेलीच नाही.

चाळीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला अशी अडचण म्हणजे मेजवानी. मी पाना घेतला, नॅनोच्या बॅटरीची वायर सोडली, नट खिशात टाकला आणि जाहीर केलं, “झाली नादुरुस्त.” पाटी आमच्या हिनं रंगवली, पट्टीनं मोजून. “मेली बंद पडली नाही ते पडली म्हणून लिहायचं,” असं म्हणत.

अमेरिकेत मागच्या मोटारीत कुणी बसत नाही म्हणे. आमच्याकडं रिकामी गाडी रस्त्यानं एकटीच जाताना दिसली, तर लोक भुताटकी म्हणतील. म्हणून मी बसलो. इंजिन बंद, हॉर्न मुका, स्टेअरिंग आपोआप वळतंय आणि समोर काचभर घरगाडीचं ढुंगण.

आमच्या भोरकडचं संगमनेर येईपर्यंत चौघांनी थांबवलं.

“काय झालं गाडीला?”

“काही नाही.”

“मग वढताय कशापायी?”

या प्रश्नाला टेक्सासात उत्तर असेल. एकानं पेट्रोलची बाटली देऊ केली. एकानं, माझ्याकडं बघून, दवाखान्याचा पत्ता सांगितला.

भाटघरची भिंत दिसली तसा मला जरा धीर आला. हे १९२८ च्या सुमाराचं ब्रिटिशांचं लॉइड धरण. साडेतेवीस टीएमसी पाणी, ते पुढं नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणला जातं आणि आम्ही भोरकर इथून त्याला टाटा करतो. या धरणाच्या आधी इथंच एक लहान धरण होतं, एकोणिसाव्या शतकातलं. नवं भलंमोठं धरण त्याच्या खालच्या अंगाला बांधलं आणि जुनं बिचारं मागं पाण्यात बुडालं. मोठ्याच्या पाठीमागं अडकलेला धाकटा या गावाला नवा नाही.

पुढं वेळवंड खोऱ्याच्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली. आणि भाच्याला तेव्हा आठवलं, की अशी दांडीनं बांधलेली वरात मागं घेता येत नाही. ढकलली, की मागच्या गाडीची पुढची चाकं हवी तिकडं वळतात. एसटी मागं जाणार नव्हती. एसटी कधी मागं गेलीय? दांडीची पिन उन्हानं फुगली होती की वेल्डरच्या आत्मविश्वासानं, कोण जाणे. कंडक्टरनं दगडानं ठोकून ती काढली. मग सहा जणांनी नॅनो माझ्यासकट उचलून शेताच्या बांधावर ठेवली, लग्नात आहेराची मांडणी करतात तशी. एक आजी खिडकीतून म्हणाल्या, “आतल्याला तरी उतरवा!”

मुक्काम छान झाला. घरगाडीतून छत्री निघाली, खुर्च्या निघाल्या, चहाची शेगडी निघाली. सकाळी मी वायर जोडायला गेलो आणि खिशात हात घातला. नट नव्हता. बांधावर पडला असेल, नाहीतर आजींच्या एसटीतून भोरला गेला असेल. तासभर आम्ही गवतात शोधलं.

इतक्यात शेळ्या घेऊन एक जण आला. नॅनोकडं, पाटीकडं, माझ्याकडं पाहिलं.

“काय झालं गाडीला?”

“बंद पडलीय,” मी छाती काढून म्हणालो.

“मग ठीकाय,” तो म्हणाला, आणि शेळ्या हाकत पाण्याकडं निघून गेला.