शेजारच्या मुलाचे टक्के: चौकशी आणि तुलनेची मार्गदर्शिका

नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या आखाडा बाळापुरात मे महिन्यात दोन भाव विचारले जातात, हळदीचा आणि दहावीचा. हळदीचा भाव बाजारात गेलं की कळतो. दहावीचा काढून घ्यायला आणि मग तो कमी की जास्त हे ठरवायला मात्र अभ्यास लागतो. हा अभ्यास विद्यार्थ्याने करायचा नसून काका, मामा, आत्या आणि शेजाऱ्यांनी करायचा असतो. राज्य मंडळाने या मंडळींसाठी अद्याप अभ्यासक्रम नेमलेला नाही. ती उणीव पुढील मार्गदर्शनाने भरून निघावी.

१. पूर्वतयारी

निकालाच्या दिवशी सकाळी पुण्यात मंडळाची पत्रकार परिषद होते, विभागवार टक्केवारी जाहीर होते आणि दुपारी एक वाजता संकेतस्थळ उघडतं. २०२५ साली ही तारीख १३ मे होती. मधल्या वेळात मुलाच्या घरी जाऊ नये. घरचे तेव्हा औंढ्याच्या नागनाथाशी नारळाची बोलणी करत असतात.

निकाल परस्पर पाहायचा असेल तर दोन गोष्टी हाताशी हव्यात: बैठक क्रमांक आणि आईचं नाव. क्रमांक मिळवणं सोपं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘सेंटर कुठं आलं रे बाळा?’ असं मायेने विचारून हॉलतिकीट बघायला मागावं. खरी अडचण आईच्या नावाची. वीस वर्षं भिंतीला भिंत लागून असली तरी ती बाई सगळ्यांना ‘गजूची आई’ म्हणूनच ठाऊक असते. माहेरचं नाव एक, लग्नात बदललेलं दुसरं. संकेतस्थळाला हॉलतिकिटावरचंच लागतं, तेही इंग्रजी स्पेलिंगसकट.

मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात एक वाजता हे नाटक रंगतं. “आईचं नाव?” “सुनीता.” “आय लावू का डबल ई?” पोरगं बापाकडे बघतं. बाप घाईघाईने घरी फोन लावतो, “अगं, तुझं नाव कसं लिव्हतेत?” पलीकडून उत्तर येतं, “का बरं? काय झालं?” मागे रांगेत उभे असलेले चौघे कान टवकारून ऐकतात. हुशार शेजाऱ्याने या रांगेतच उभं राहावं.

२. विचारण्याची रीत

‘पास झाला का?’ असं विचारू नये, तो अपमान समजतात. ‘लागला का गा निकाल?’ इथून सुरुवात करावी. निकाल एक वाजता लागला हे साऱ्या गावाला माहीत असलं तरी चालतं. मग ‘किती पडले?’ आकडा कळल्यावर लगेच बोलू नये, थोडं थांबावं आणि ‘बरे आहेत’ म्हणावं. ८८ टक्क्यांना ‘बरे आहेत’ म्हटलं की मुलाच्या आईला रात्री झोप येत नाही.

३. विभाग निवडणे

तुलनेचा पहिला नियम असा की आपल्याला सोयीचा विभाग आधी निवडावा. आखाडा बाळापूर या बाबतीत भाग्यवान आहे. कळमनुरी तालुका, म्हणजे हिंगोली जिल्हा, छत्रपती संभाजीनगर विभागात येतो आणि शेजारचा नांदेड जिल्हा लातूर विभागात. त्यामुळे वारंगा फाट्याच्या पुढे ज्यांची सोयरीक आहे, त्यांना घरबसल्या दोन विभाग वापरता येतात.

२०२५ मध्ये राज्यात २११ मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. नांदेडचा साडू हे सांगितल्याशिवाय राहत नाही. त्याला शांतपणे पुढचा आकडा दाखवावा: उत्तीर्णांचं प्रमाण लातूरचं ९२.७७, संभाजीनगरचं ९२.८२. म्हणजे ०.०५ टक्क्याने आपणच वर. आपल्या पोराचा या ०.०५ मध्ये किती वाटा, हे साडूला विचारू देऊ नये.

कोकणाचा विषय मात्र काढू नये. तो विभाग दरवर्षी पहिला येतो, त्या साली ९८.८२ टक्क्यांनी आला. कुणी काढलाच, तर ‘तिकडं पोरंच थोडी’ म्हणून आवरतं घ्यावं. पुण्यातल्या पुतण्याची सीबीएसई हे वेगळंच प्रकरण. २०२५ मध्ये तिचाही निकाल त्याच दिवशी लागला आणि एकाच दुपारी दोन आघाड्यांवर लढायची वेळ अनेक घरांवर आली. अशा वेळी ‘तुमचं बोर्डच वेगळं’ एवढं म्हणून फोन ठेवावा. हे वाक्य दोन्हीकडून चालतं.

४. साल निवडणे

विभाग जमला नाही तर साल बदलावं. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले, कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि निकाल गेला ९५.३० वर. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. निकाल ९९.९५ टक्के लागला आणि तो पाहायला इतकी गर्दी झाली की संकेतस्थळच बसलं.

थोरल्याला २०१९ मध्ये ७२ आणि धाकट्याला २०२१ मध्ये ९१ पडले असतील, तर दोघांची तुलना कुणाच्या बाजूने करायची हे त्या क्षणी घरात कोण हजर आहे त्यावर ठरवावं. सुनेसमोर थोरला हुशार, धाकट्याला बघायला पाहुणे आले की धाकटा.

५. टक्का उकलणे

समोरच्याचा टक्का फारच चांगला निघाला तर तो उकलून पाहावा. विषय सहा, पण टक्केवारी निघते ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने, म्हणजे सर्वांत चांगल्या पाच विषयांच्या ५०० गुणांवर. सहावा विषय गुपचूप बाहेर बसतो. म्हणून ९३ टक्के ऐकल्यावर घाबरून न जाता ‘गणितात किती?’ असं विचारावं. मूल दाराकडे बघू लागलं, तर सहावा विषय सापडला.

तरीही हाती काही लागलं नाही तर ‘चित्रकलेचे धरून का?’ असा दुसरा प्रश्न ठेवावा. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी असेल तर सात गुण वाढून मिळतात. खेळाडूंनाही सवलतीचे गुण असतात. आपल्या मुलाने कधी ब्रश किंवा चेंडू हातात घेतला नसेल तर हा प्रश्न जास्त त्वेषाने विचारता येतो.

मुलाच्या बापाने मुलीच्या बापाच्या नादी लागू नये. २०२५ मध्ये राज्यात ९६.१४ टक्के मुली पास झाल्या आणि ९२.३१ टक्के मुलं. आकडे उघड आहेत, वाद वाढवण्यात हशील नाही.

६. बचाव पक्ष

कमी गुणांच्या मुलाच्या पालकांनीही हातपाय गाळू नयेत. ‘रिचेकिंगला टाकलाय’ या वाक्यावर एक महिना सहज निघतो. कुणी खोलात शिरलं तर ‘आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते, मगच पुनर्मूल्यांकन होतं’ असं सांगावं. हे खरंही आहे आणि वेळखाऊही. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, शिवाय पुरवणी परीक्षा आहेच. ‘नापास’ हा शेरा तर मंडळाने काही वर्षांपूर्वीच गुणपत्रिकेवरून काढून टाकला. तो आता फक्त गल्लीत मिळतो.

७. समारोपाची चौकशी

मंडळाने राज्याची गुणवत्ता यादी केव्हाच बंद केली, पण चौकातल्या फ्लेक्सवर ती चालू आहे. एकाच मुलीचा फोटो दोन क्लासच्या फ्लेक्सवर दिसला तर गोंधळू नये, ती एकीकडे गणिताला आणि दुसरीकडे इंग्रजीला जात होती.

अकरावीचा प्रवेश २०२५ पासून साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला. अर्जात दहापर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम भरता येतात. त्यामुळे टक्क्यांची चौकशी पहिली यादी लागेपर्यंत लांबवता येते. त्यानंतर ‘आता नीटला कुठं टाकणार? नांदेड का लातूर?’ हा प्रश्न आपोआप सुचतो. तो विचारण्यापूर्वी तिथल्या क्लासची फी आणि होस्टेलचा खर्च माहीत करून घ्यावा. उत्तरात तोच आकडा येतो आणि पाठोपाठ हातउसने किती देता येतील, अशी उलट चौकशी होते. अशा वेळी ‘पुढच्या साली आमचंही लेकरू दहावीला आहे’ असं सांगून चप्पल घालावी.