ऑक्टोपॅडचे वैरी

दिवाळी सरली, धान कापणीला आलं आणि गावोगावी मंडईच्या जत्रा भरू लागल्या, की आमच्या भंडारा जिल्ह्यात मामाजींचाही हंगाम सुरू होतो. साकोली-लाखांदूर पट्ट्यात या मामाजींविना गाव नाही. आडनाव बदलेल, कानटोपी तीच. रात्री तिथे वडशाच्या नाटक कंपनीचा प्रयोग असतो. मामाजी तिकीट काढून अगदी पुढे, वाजवणाऱ्यांना लागून बसतात. कशाला? तर नाराज व्हायला. नाराजी लांबून जमत नाही.

ऑक्टोपॅडवर पहिली थाप पडते आणि ते डोळे मिटतात. "हे का वाजवनं हाये जी? आमच्या जमान्यात ऑर्गन होता, ऑर्गन!" तेव्हाचा नट म्हणे एकेका पदाला तीन-तीन वन्समोअर घ्यायचा. मरणारा बाप उठून बसायचा, पद पुन्हा आळवायचा आणि रीतसर पुन्हा मरायचा. आता मधेच रेकॉर्डिंग डान्स. पोट्टे शिट्ट्या मारतात, मामाजी मान फिरवतात. पहाटे घरी जाताना मात्र डान्स किती झाले, कोणत्या पोरीचा ठेका चुकला, सगळा हिशेब त्यांच्याकडे तयार. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची मंडई. मामाजी तिथेही हजर.

नाटकाचंच असं नाही. २०१४ साली बंद पडलेल्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, सुप्रीम कोर्टाने २०२१च्या डिसेंबरात सशर्त परवानगी दिली. सगळा जिल्हा खूश. मामाजी म्हणाले, "पट आला, पन ते बैल कोठी रायले?"

मामीजी खासगीत वेगळंच सांगतात. त्यांच्या सासऱ्यांना हा ऑर्गनच खुपायचा. त्यांचा जीव दंडारीत आणि खडी गंमतीत. पुरुषाने लुगडं नेसून नाचावं, शाहिराने उभ्या उभ्या रात्र काढावी, ती खरी कला! ऑर्गन वाजला की सासरे उठून जात. हे नाराजांचं घराणं सातासमुद्रापारही आहे. १९६५ साली अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली, तेव्हा ओरडणाऱ्यांत एखादी तरी कानटोपी असणारच.

मामाजींचा नातू पुण्यात नोकरीला आहे. मंडईला येतो, कानात बोंडं. त्याच्या मते खरं रॉक १९७२च्या आसपास संपलं; आताचे बँड म्हणजे नुसता कॉम्प्युटर. स्वतः जन्मला त्यानंतर पंचवीस वर्षांनी. यंदा त्याने आबाजींच्या कानात डीप पर्पल घातलं. मामाजींनी कपाळाला आठ्या घातल्या. गिटार सोसली, गाणाऱ्याचं किंचाळणं सोसलं आणि एकदम ताठ बसले.

"ऑर्गन हाये बे याच्यात!"

"जॉन लॉर्ड वाजवतो, आबाजी."

"हात बसला हाये त्याचा. वडशाचा हाये का?"

"इंग्लंडचा."

"कोठचा का असंना. पुढच्या मंडईले बोलावता येईल का त्याले?"

"२०१२ मध्ये वारले ते."

मामाजींचा चेहरा उजळला. असं समाधान त्यांच्या तोंडावर कोणत्याच नाटकाने आणलं नव्हतं.

"सांगलो होतो ना बापू? चांगले सारे आधीच गेले."

नातवाने मान डोलावली. समोर ऑक्टोपॅडवाला तारा जोडत होता. दोघांनीही एकदमच तोंड वाकडं केलं आणि जरा पुढे सरकून बसले.