निसर्गाचे लेखापरीक्षक

पुण्यात आता प्रत्येक सोसायटीला एक नाना असतोच. मुलं परदेशात, गुडघे अजून शाबूत आणि गळ्यात १५०-६००ची लेन्स. आमच्याकडचे नाना ऑडिट खात्यातून निवृत्त झाले. थंडी पडली की पहाटे चारला लिफ्टचं दार धाडकन वाजतं आणि आम्ही पांघरुणातूनच समजतो, नाना भिगवणला निघाले.

अंगात लष्करी ठिपक्यांचा शर्ट, डोक्यावर तशीच टोपी, लेन्सलाही त्याच कापडाचं झबलं. एवढा जामानिमा करून बसायचं कुठे, तर उजनीच्या फुगवट्यावर, चहूबाजूंनी उघड्या होडीत! कुंभारगावच्या पक्ष्यांनी अशा होड्या इतक्या पाहिल्यात, की नाना जरीचा फेटा बांधून गेले असते तरी एकाही बगळ्याने मान वळवली नसती.

लोक त्यांना निसर्गप्रेमी म्हणतात. मला तसं वाटत नाही. नाना निसर्गाची तपासणी करायला जातात, आणि त्यांचा शेरा आजवर कधी अनुकूल पडलेला नाही. एकदा मीही होडीत होतो. समोर शेदोनशे रोहित पक्षी, कोवळ्या उन्हात गुलाबी झालेले. मी आ वासून बघत राहिलो. नाना कॅमेऱ्यातून डोळा न काढता पुटपुटले, "एकाचंही डोकं वर नाही."

खरंच नव्हतं. रोहित चोच उलटी धरून, डोकं पाण्यात बुडवून चिखलपाणी गाळत खातो. होडीवाल्याने समजूत घातली, "सर, जेवत्यात ती. जेवताना कशी वर बघतील?"

"पण किती वेळ जेवायचं!" नाना म्हणाले.

शेवटी दोघांनी माना वर काढल्या. खटखटखटखट! कॅमेऱ्याने श्वास न घेता फोटो ओढले. नानांनी मागच्या पडद्यावर पाहिलं आणि चेहरा पाडला. ती दोन्ही पिल्लं होती, म्हणजे राखाडी. तो गुलाबी रंग खाण्यातून अंगात उतरतो आणि त्याला काही वर्षं लागतात. हे नानांना पाठ आहे, पण खुलासा समाधानकारक वाटला नाही.

पुढे काठावर पट्टकदंब हंस दिसले. हिमालय ओलांडून येणारा पक्षी! एवढ्या लांबून आला आणि नानांकडे पाठ करून बसला. फोटोग्राफर मंडळींत पाठमोऱ्या पक्ष्याला काडीची किंमत नाही. पक्षी समोरून हवा, डोळ्यांच्या पातळीवर हवा, बुबुळात उजेडाचा ठिपका हवा, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं हवं. यातलं काही जमलं नाही की त्या फोटोला 'रेकॉर्ड शॉट' म्हणून मोकळं व्हायचं. नानांची आख्खी हार्ड डिस्क या रेकॉर्ड शॉटांनी भरलीय. उरलेल्या जागेत फांद्या आहेत. फांदीवरचे पक्षी नेमके बटण दाबताना उडाले.

एकदा काकू सोबत गेल्या होत्या. घारीएवढा एक पक्षी पाण्यावर सूर मारून पायांत मासा धरून डोक्यावरून गेला. "अहो, बघा बघा!" काकू ओरडल्या. नाना तेव्हा मान खाली घालून आधीचे फोटो खोडत होते.

"ऑस्प्रे असणार," ते मान वर करून म्हणाले. "आधी सांगायचं नाही का?"

काकूंनी डब्यातला शिरा पुढे केला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी अशा बऱ्याच हरकती निकाली काढल्या असाव्यात. दुपारी चिलापीच्या रश्श्यावर मात्र नानांनी कसलीच हरकत घेतली नाही, हे नमूद करायला हवं.

एवढा मोठा कॅमेरा म्हटल्यावर सोसायटीने तो नुसता कसा राहू द्यावा? गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या नातवाची मुंज होती. "नाना, फोटो तुम्हीच काढायचे, आपण बाहेरचा माणूस नाहीच सांगितला," असं यजमानांनी मोठ्या विश्वासाने जाहीर केलं. नाना ठिपक्यांचा शर्ट घालूनच कार्यालयात आले. बटूच्या पुढ्यात उभं राहिलं तर त्यांची लेन्स फोकस होत नव्हती, म्हणून ते मागे सरकले आणि पंगतीच्या टोकाशी बैठक मारून बसले. झूम मागे घ्यायचा असतो, हे त्यांच्या बोटांना ठाऊकच नव्हतं.

आठवड्याने सगळे टीव्हीसमोर जमले. भिक्षावळ नाही, मातृभोजन नाही, आत्या-मावश्या तर औषधालाही नाहीत. पडदाभर नुसता बटूचा डावा डोळा! पापणी न् पापणी मोजून घ्यावी.

"बुबुळात बघा," नाना खुर्चीच्या कडेवर आले होते, "काय ठिपका पडलाय!"

यजमानांनी हळूच विचारलं, "आणि बाकीचा मुलगा?"

"बाकीचा," नाना म्हणाले, "हलला."