सातव्या दशांशस्थानास खुले पत्र

मा. सातवे दशांशस्थान,
मु. पो. पर्सेंटाइल, दशांशचिन्हाच्या उजवीकडचे शेवटचे घर

सा. न. वि. वि.

बार्शीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं केंद्र आहे. वर्षभर सातबारा, पीक विमा, पॅन कार्ड. आणि सीईटीचा निकाल लागला की इंजिनिअरिंगची कॅप, म्हणजे प्रवेशप्रक्रिया. आपली ओळख या शेवटच्या कामातली. पोरगं लॉग-इन करतं, स्कोअरकार्ड उघडतं, आणि एकूण पर्सेंटाइलच्या रकान्यात नव्याण्णव, टिंब आणि पुढे सात आकडे दिसतात. पहिल्या दोन-तीन आकड्यांवर आईबाप पेढे वाटून मोकळे होतात. आपल्याकडे त्या दिवशी कोणाचं लक्षही जात नाही. पण कॉम्प्युटर शाखेची यादी लागू द्या. वरच्या कॉलेजात शेवटची जागा कोणत्या आकड्याला गेली आणि आपलं पोरगं कोणत्या आकड्यावर अडलं, हे बघताना बाप चष्मा पुसून पडद्याला नाक लावतो. मेकॅनिकल किंवा सिव्हिलसाठी आपल्याला एवढे कष्ट पडल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. आपली खरी सत्ता कॉम्प्युटरवर.

निवेदनं सीईटी सेलला जातात, मंत्र्यांना जातात, दिल्लीला एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेकडे जातात. आपल्याला अजून कोणी साधं पत्र लिहिलेलं नाही. ही उणीव भरून काढावी म्हणून हा प्रपंच.

प्रथम आपल्या कुळाची चौकशी केली, त्याबद्दल क्षमस्व. पीसीएम गटाची परीक्षा 200 गुणांची. गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे, भौतिक आणि रसायनचे प्रत्येकी 50 प्रश्न 1 गुणाचे. चुकलं तर गुण वजा होत नाहीत. म्हणजे शून्यापासून दोनशेपर्यंत, काहीही केलं तरी मुलाला पडू शकणारे वेगवेगळे गुण फार तर 201. लाखो मुलं या 201 पायऱ्यांवर दाटीवाटीने उभी. मग आपण आलात कुठून?

तर भागाकारातून. परीक्षा अनेक पाळ्यांत होते, प्रत्येक पाळीचा पेपर वेगळा. एकाला सोपा, दुसऱ्याला अवघड, अशी तक्रार नको म्हणून गुण थेट धरत नाहीत. त्या पाळीत तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण किती जणांना पडले ते मोजायचं, पाळीला बसलेल्या एकूण मुलांनी भागायचं, शंभराने गुणायचं. हेतूबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एका पाळीत मुलं असतात किती? 2025 मध्ये 27 एप्रिलच्या सकाळच्या पाळीत गणिताच्या 21 प्रश्नांचे पर्यायच चुकीचे निघाले आणि 5 मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली, तेव्हा 27 हजारांवर मुलांना पुन्हा बसवलं होतं. सोयीसाठी आपण 25 हजार धरू. अशा पाळीत एक मुलगा म्हणजे 0.004 पर्सेंटाइल. तिसऱ्या दशांशाच्या पलीकडे माणूस मावतच नाही! चौथ्या घरापासून आपल्यापर्यंत जे कोणी राहतात, ते सगळे भागाकाराचे उरलेसुरले तुकडे.

आता पुढची गंमत मी गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिली. पाळीत 25,000 जण बसले आणि एक मुलगी एकटी दुसरी आली, तर तिला 99.9960000. दुसऱ्या पाळीतही एक मुलगी अशीच दुसरी आली, पण त्या पाळीत बसले 24,999. तिला 99.9959998. हुशारी तीच, जागरणं तीच, क्लासची फीसुद्धा कदाचित तीच. फरक एवढाच, की दुसऱ्या पाळीत भंडाऱ्याकडचं कुणीतरी पोट बिघडल्यामुळे आलं नाही. त्या पोटदुखीची सरकारदरबारी जी नोंद झाली, ती म्हणजे आपण. यादीत पहिली वर, दुसरी खाली. आणि समजा दोघी अगदी आपल्यापर्यंत जुळल्या, तर गणिताचा पर्सेंटाइल बघतात. त्यालाही सात दशांश. घराणं मोठं आहे आपलं.

एवढा काटेकोरपणा असल्यावर न्यायाची चिंता नको, असं मला वाटायचं. मग एक कंडक्टर आले.

एसटीत आहेत, ड्यूटी संपवून खाकी शर्टावरच आले होते, सोबत मुलगी. मुलीने दहावीनंतर लातूर गाठलेलं. दोन वर्षं तिथे खोली, मेस, क्लास. मी अर्जात बारावीचं कॉलेज टाकलं आणि पडद्यावर गृह विद्यापीठ आलं: स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड.

‘‘भाऊ, काहीतरी चुकलंय,’’ कंडक्टर म्हणाले. ‘‘पोरगी बार्शीची. रेशन कार्ड बार्शीचं. आम्ही सोलापूर जिल्ह्यातले. नांदेडला आमचं कोण?’’

मी म्हटलं, ‘‘काका, बारावी जिथून पास, तिथलं गृह विद्यापीठ. घर कुठंय हे त्यात विचारत नाहीत.’’

‘‘आणि सोलापूरच्या कॉलेजात?’’

‘‘तिथं ती बाहेरची.’’

नियम असा की ज्या कॉलेजांना ही विभागणी लागू आहे, तिथे 70 टक्के जागा गृह विद्यापीठातल्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना. म्हणून कट ऑफच्या यादीत जागांची नावं GPS च्या पत्त्यासारखी असतात: जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ, जी-एससी-एस. पहिलं अक्षर सर्वसाधारण की मुलींची जागा ते सांगतं, मधलं प्रवर्ग, शेवटचं गृह, बाहेरचे की राज्यस्तर. कंडक्टरांनी ते लगेच उचललं; आयुष्यभर टप्प्यांचे कोड पाठ केलेला माणूस. पण मुलगी पडद्याकडे बघत राहिली. आपल्यामुळे जागा गेली असती तर तिला समजलं असतं, दोन गुण कमी पडले म्हणाली असती. ती तर शिकायला दुसऱ्या जिल्ह्यात गेली म्हणून परकी झाली. तरी तिचं बरं; बऱ्याच ठिकाणी नाव एका गावातल्या ज्युनिअर कॉलेजच्या पटावर आणि मुलगा दिवसभर दुसऱ्या शहरातल्या क्लासात, असा प्रकार चालतो. तिथे गृह विद्यापीठ पटाप्रमाणे. ज्या वर्गात मुलाने पाऊल ठेवलं नाही, त्या वर्गावरून त्याचं घर ठरतं.

मग आला ऑप्शन फॉर्म. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. कंडक्टरांनी लग्नपत्रिकेच्या मागे यादी करून आणली होती, बॉलपेनने, प्रत्येक ओळीवर क्रमांक. ती वाचताना माझी त्रेधा उडाली, कारण जिकडे तिकडे कॉम्प्युटरच होता, फक्त वेष पालटून. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग. इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी. आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स. सीएसई, कंसात एआय अँड एमएल. सीएसई, कंसात आयओटी, सायबर सिक्युरिटी, त्यातच ब्लॉकचेनही. कॉम्प्युटर सायन्स अँड डिझाइन. एकाच मजल्यावर समोरासमोर भरणारे हे वर्ग, पहिल्या वर्षाला बरेचसे विषय तेच. ‘‘यात चांगला कोणता?’’ कंडक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘गेल्या वर्षी ज्याचा कट ऑफ वर गेला तो.’’ हे उत्तर मी दरवर्षी देतो. ते खोटं आहे हे मला ठाऊक आहे, पण रांगेतल्या सगळ्यांना तेच हवं असतं.

खरी कसरत पुढे. 2025 पासून कॅपच्या फेऱ्या चार झाल्या आणि नियम बदलला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, आपोआप फ्रीज. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं तर फ्रीज. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांना नमस्कार. जागा अडवून बसणाऱ्यांना चाप बसावा, हा हेतू. पहिल्या फेरीत खरोखर पहिली पसंती मिळाली, तर भांडण कशाला? पण दुसऱ्या फेरीत तिसरी पसंती मिळाली आणि चौथ्या फेरीत पहिली रिकामी होण्यासारखी असेल, तरी मुलगा तिसऱ्यावरच गोठलेला. बार्शीसारख्या गावात याच्यावर उपाय निघायला आठवडा लागत नाही. दुसऱ्या फेरीपासून पहिल्या सहा ओळींत व्हीजेटीआय, सीओईपी असली जन्मात न मिळणारी कॉम्प्युटरची नावं टाकायची, म्हणजे गोठायची भीती नाही. खरी पसंती सातव्या ओळीपासून. पुण्यात मानाचे गणपती पाच. आमच्याकडे मानाचे पर्याय सहा.

सातव्या ओळीपासून! बघा, तिथेही सातच. आपला सन्मानच झाला म्हणायचा.

सरकारने मुलांना विचारलं, तुला मनापासून काय हवं ते क्रमाने लिही. मुलांनी सहा ओळी खोटं लिहायला सुरुवात केली. आणि ज्यांना हे कोणी सांगितलं नाही, त्या पोरांनी मनापासून लिहिलं आणि ती मनापासूनच अडकली. त्यात चौकात बोर्ड लावलेल्या सल्लागाराला पैसे देणारे नसतात. त्यात कंडक्टरांच्या मुलीसारख्या मुली असतात. हिला मात्र मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘पण मला खरंच सिव्हिल आवडतं.’’ बापाने लग्नपत्रिका उलटी केली, पुढची बाजू वाचल्यासारखं केलं, आणि परत उलटी केली. सिव्हिल एकशे बाराव्या ओळीत टाकलं. तिथे आपल्याला यायची गरज पडणार नाही.

आता थोडं अवघड बोलतो. खासगी विनाअनुदानित कॉलेजात 20 टक्क्यांपर्यंत जागा संस्थास्तरावर भरतात. त्याला लोक अजूनही मॅनेजमेंट कोटा म्हणतात. या जागाही गुणवत्तेनेच भरायच्या, असा नियम आहे, आणि 1987 च्या कायद्याने कॅपिटेशन फीला बंदी आहे. त्यामुळे महाराष्ट्रात देणगी कोणीच घेत नाही. मी एकदा एका पालकाबरोबर अशा एका कार्यालयात गेलो होतो, नाव कशाला. तिथे एसी होता, पाणी विचारलं, स्कोअरकार्ड मागितलं. मी आदराने आपला आकडा दाखवला. समोरच्या गृहस्थांनी स्कोअरकार्ड घडी घालून बाजूला ठेवलं आणि मोबाइलवर एक आकडा टाइप करून आमच्यासमोर धरला. कागदावर नाही, बोलूनही नाही. तिथेही शून्यं होती, पण सगळी दशांशचिन्हाच्या डावीकडची. पालकाने वाचला, गृहस्थांनी पुसला. आपल्याला तिथे कोणी ओळखत नाही, हे पाहून मला आपल्याबद्दल फार वाईट वाटलं. बाहेर दोन मुलांत 0.0000002 चा फरक काढणारे आपण, आणि आतल्या खोलीत आपल्याला खुर्चीही नाही.

आणखी एक बातमी कानावर घालायची राहिली. 2024-25 पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा उठवली. सोबत किमान तीन मूळ शाखा चालवाव्यात, अशी अट घातली. म्हणजे सिव्हिल-मेकॅनिकल नावापुरते दारात, आणि आत मजल्यामागून मजले कॉम्प्युटरचे. जागा वाढल्या, तेवढे शिकवणारे कुठून आणणार, हा प्रश्न आपल्या खात्याचा नाही. पण असंच चाललं तर मधल्या फळीतल्या कॉलेजात कॉम्प्युटर मागेल त्याला मिळेल. तिथे आपली गरज संपेल. मग आपली सगळी ताकद वरच्या दहा-पंधरा कॉलेजांच्या दारात एकवटेल, आणि तिथली चेंगराचेंगरी आणखी बारीक आकड्यांत मोजावी लागेल. आठवं दशांशस्थान नेमण्याचा प्रस्ताव आला, तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

तोवर आपल्याला विनंती इतकीच. तिसऱ्या दशांशापर्यंत बरोबरीत आलेल्या मुलांमध्ये निवड करायची वेळ आली, तर आपण रजेवर जावं. चिठ्ठ्या टाकू द्या. चिठ्ठी टाकली तर निदान सगळ्यांना दिसतं की हा नशिबाचा भाग आहे. आपण असलात की हरलेल्या मुलीला वाटतं, ती कमी पडली. किती कमी, तेही तिला सात घरांपर्यंत पाठ असतं. आणि जमलं तर त्या एसीच्या खोलीत एकदा जाऊन या. ओळखपत्र लागलं तर मी प्रिंट काढून देतो, रंगीत, पैसे नकोत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
बार्शीचा एक केंद्रचालक

ता. क. पुढच्या सीईटीसाठी केंद्राबाहेर फलक लावतोय: ‘अभ्यास झाला नसला तरी परीक्षा चुकवू नका. तुम्ही खाली बसलात की वरच्याचा पर्सेंटाइल वाढतो.’ आमच्याकडच्या तीन पोरांनी फॉर्म भरायची तयारी दाखवली आहे. त्यांच्या फीची सोय कोणत्या योजनेत बसते, ते कृपया कळवावे.