राजीखुशीने, अक्कलहुशारीने

मालवणात अमक्याने वकील केला अशी बातमी फुटली की ऐकणारा पहिल्यांदा विचारतो, "कोणावर?" त्यामुळे भांडण असूनही ते नसल्यासारखं दाखवायचं असेल, तर माणूस तहसील कचेरीच्या आसपास दस्त लिहिणाऱ्याकडे जातो. एक टेबल, एक संगणक, शेजारी झेरॉक्स आणि समोरच्या बाकावर एकमेकांकडे न बघता बसलेले सख्खे नातेवाईक.

आमचं काम हक्कसोडपत्राचं होतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी बापाची वारस झालीच होती. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलाच्या बरोबरीला आली. तेव्हापासून कोकणात आत्यांचा भाव वधारला. गणपतीत जिला कुणी स्टेशनवर आणायला जात नसे, तिच्यासाठी आता डोंबिवलीला गाडी जाते.

कॅलिफोर्नियात म्हणे असे कागद तयार करून देणाऱ्याला सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, आणि आपण वकील नाही हे गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. आमचा दस्त लिहिणारे भाऊही आधी सांगतात, "मी काय वकील न्हय हां." मग वकिलाला फाईल चाळून जे कळलं नसतं ते तोंडपाठ म्हणतात: थोरल्या आजोबांची दुसरी बायको, निपुत्रिक वारलेला काका, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत अजून बसलेलं मेलेलं कूळ. पुढे नोंदणी, मग फेरफार, त्यावर हरकतीला पंधरा दिवस, हेही तेच सांगतात. मात्र एक जरी वारस "सही करणार नाही" म्हणाला की भाऊ संगणक बंद करतात आणि दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवतात. माझ्या मते त्यांच्या फीतला निम्मा पैसा याचाच. स्टॅम्पवर सगळं बसवून देतो म्हणणारेही असतात. त्यांनी वाचवलेली फी पुढे वकिलालाच मिळते, व्याजासकट.

स्टॅम्पही आता पूर्वीसारखा स्वस्त नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने शंभर-दोनशेवाल्यांना थेट पाचशेवर नेलं. नोंदणीचा कायदा मात्र अजून 1908 चा. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराचा दस्त नोंदवा, असं तो म्हणतो. शंभरात मालवणच्या बाजारात सुरमईची तुकडीसुद्धा कोणी हसतमुखाने देत नाही.

भाऊंनी मसुदा वाचायला घेतला. चतुःसीमा: पूर्वेस गडगा, दक्षिणेस व्हाळ, उत्तरेस पाणंद, पश्चिमेस (हे भाऊंनी लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांनी ऐकलं) बोलणं बंद असलेल्या चुलत्याची बाग. "राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता" हे वाक्य आलं तेव्हा चुलतभावाची बायको आत्याकडे एकटक बघत होती. आत्या पदर सावरून ऐकत होती. "त्यातील झाडांसह" या शब्दांपाशी ती जागी झाली.

"म्हणजे परड्यातलो कापो फणस पण गेलो?"

"आत्यानु, हक्क सोडल्यार अट घालूक येना नाय," भाऊ म्हणाले. "फणसाचा तोंडी ठेवा."

"तोंडीच ऱ्हवला म्हणान तर आज हय येवचा लागला."

बाक गप्प. भाऊंचा हात संगणकाच्या बटणाकडे गेला, तसा चुलतभाऊ घाईने म्हणाला, "दरवर्षी मे महिन्यात फणस डोंबिवलीक पोचतलो. भाडा माझा." आत्याने भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी छताकडे.

मग आम्ही नोंदणी कचेरीत गेलो. फोटो झाला, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. यंत्रावर अंगठा ठेवून आत्याने, काचेवरून तो न उचलता, चुलतभावाला बजावलं, "बरको धाडू नको."