पल्लत्तीची भाऊबंदकी

भाऊबंदकीला सातबारा लागतोच असं नाही. केरळच्या आणि श्रीलंकेच्या खाड्यांमध्ये ती गुंठाभर जमिनीशिवायही उत्तम चालते. तिथे पल्लत्ती नावाचा बोटभर मासा राहतो. सोनेरी-पिवळा रंग, अंगभर केशरी ठिपक्यांच्या रांगा आणि कुशीवर काळे डाग, त्यांतला मधला सगळ्यांत ठसठशीत. गोड्या पाण्यात राहतो, मचूळ पाण्यातही राहतो. पाण्याच्या बाबतीत त्याचे नखरे नाहीत. त्याच पाण्यात त्याचा थोरला चुलतभाऊ नांदतो, करीमीन. हिरवट-राखाडी, वीतभर, मोत्यांसारख्या ठिपक्यांचा. गोव्यात त्यालाच कालुंदर म्हणतात. 2010 मध्ये केरळने करीमीनला राज्यमाशाचा मान दिला. पल्लत्तीला कुणी काही दिलं नाही.

बहुधा तोच राग असावा, कारण पल्लत्ती करीमीनची अंडी खातो. थोरल्या जोडप्याने पाण्यातल्या लाकडावर नाहीतर दगडावर अंडी चिकटवायची, डोळ्यांत तेल घालून राखायची, आणि धाकट्याने संधी साधून त्यांवर डल्ला मारायचा. नुकती बाहेर पडलेली पिल्लंही तो सोडत नाही. एवढं ऐकून आपण लगेच निकाल देऊन मोकळे होतो. पण थांबा. हाच पल्लत्ती करीमीनच्या अंगावरचे परजीवी आणि परांवरची बुरशी टिपून त्याला स्वच्छही करतो. वायमन आणि वॉर्ड या अभ्यासकांनी 1972 साली या साफसफाईवर निबंधच लिहिला. आता या नात्याला म्हणायचं काय? सकाळी पाठ चोळून द्यायची आणि दुपारी घर लुटायचं! करीमीनही अंगाला हात लावू देतो आणि अंड्यांजवळ आला की हाकलतो. दोघांनाही यात काही विसंगत वाटत नाही. विसंगती शोधायची हौस आपल्याला.

शेजारची अंडी खाणारा हा मासा स्वतःच्या घरात मात्र आदर्श बाप आहे. नर-मादी दोघं मिळून उथळ पाण्यात जागा साफ करतात, दोघं पाळीपाळीने अंड्यांना परांनी वारा घालतात, पिल्लं निघाल्यावर दोघंही त्यांच्या मागे-पुढे फिरतात. धोका दिसला की आईबाप पोटाखालचे काळे पर भराभर फडफडवतात आणि पिल्लांचा अख्खा थवा त्यांच्याजवळ गोळा होतो. ओरडणं नाही, धपाटा नाही. आमच्याकडे एका पोराला जेवायला बोलवायला तीन हाका आणि एक धमकी लागते, हे जाता जाता नमूद करतो.

पिल्लांच्या खाण्याची सोय तर आईबापांच्या अंगावरच असते. माशाच्या कातडीवर जो बुळबुळीत थर असतो, तो ही पिल्लं टिपून खातात. झेपावायचं, आईच्या कुशीला तोंड लावायचं, की लगेच बाजूला. मग बापाकडे मोर्चा. बापाच्या अंगावर पोरांचं जेवण, ही सोय सस्तन प्राण्यांना काही जमलेली नाही.

सिक्लिड माशांचं हे घराणं खरं तर आफ्रिकेचं आणि अमेरिकेचं. तिथे त्यांच्या शेकड्यांनी जाती आहेत. भारताच्या वाट्याला मूळच्या तीनच: पल्लत्ती, करीमीन आणि कर्नाटकातल्या नद्यांमधला एक कॅनरा करीमीन. आणि या तिघांचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक कुठे? शेजारच्या आशियात नव्हे, थेट मादागास्करमध्ये. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटले त्याला साडेआठ कोटी वर्षांहून जास्त काळ झाला. वाटणी तेव्हाच झाली की कुणी नंतर समुद्र ओलांडला, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. भाऊबंदांचे वाद लवकर मिटत नाहीत, हे त्यांनाही कुणीतरी सांगायला हवं.

1795 मध्ये पल्लत्तीचं शास्त्रीय वर्णन केलं ते मार्कुस ब्लॉख या बर्लिनच्या डॉक्टरने. भारतातून पाठवलेले मासे तो घरबसल्या तपासत असे. त्याच्या पुढ्यात आलेला मासा गुपचूप पडलेला असणार. बाटलीतल्या माशाचे डाग मोजता येतात, भानगडी नाही.

शोभेच्या माशांच्या दुकानात डाग नसलेला, नखशिखांत केशरी पल्लत्ती मिळतो. तो माणसाने निवडून निवडून तयार केलेला वाण. हौस असेल तर जरूर आणा. पाण्यात थोडं मीठ घातलं तरी त्याची तक्रार नसते. फक्त त्याच टाकीत दुसऱ्या माशाची अंडी वाढवायचा बेत असेल, तर तेवढा रद्द करा.